धड सगळ्यांचं, चेहरा एकाचा: टीव्हीवरच्या बाहुल्या जमवताना

अमेरिकी टीव्ही मालिकांमधल्या पात्रांच्या जुन्या बाहुल्या जमवायला निघालात, तर एक गोष्ट आधी समजून घ्या. त्या बाहुलीचं धड बहुतेक वेळा त्या पात्राचं नसतंच. डोकं पात्राचं, कपडे पात्राचे, हातातली वस्तू पात्राची, आणि बाकी सगळं कंपनीच्या दुसऱ्याच कुठल्यातरी बाहुलीकडून घेतलेलं. हे एकदा लक्षात आलं की काय विकत घ्यायचं, काय तपासायचं, कशाला जास्त पैसे मोजायचे आणि कशाला नाही, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळायला लागतात.

असं का होत होतं, ते साधं आहे. नवा साचा घडवणं हा खेळणी कंपनीचा मोठा खर्च. आणि मालिका पुढच्या वर्षी चालू राहील की बंद पडेल, हे कुणालाच सांगता येत नसे. मग हाताशी असलेलं धड घ्यायचं, नवं डोकं बसवायचं, शिंप्याकडून वेगळा पोशाख करून घ्यायचा आणि मालिका गाजतेय तोवर माल दुकानात पोचवायचा. ‘फॅमिली अफेअर’ या मालिकेतल्या छोट्या बफीची बाहुली मॅटेलने १९६८ साली काढली, तेव्हा बार्बीची धाकटी बहीण म्हणून विकल्या जाणाऱ्या टुटीचं अंग तिला दिलं. मेगो या न्यूयॉर्कच्या कंपनीने तर हीच पद्धत धंद्याचा पाया केली. तिच्या ८ इंची पुतळ्यांचं एक ठरलेलं अंग होतं आणि त्यावर सुपरहिरो, अंतराळवीर, पोलीस, खेडूत कुटुंबातली माणसं अशी सगळी पात्रं उभी राहिली. ‘स्टार ट्रेक’मधला सरड्यासारखा गॉर्न मेगोने बाजारात आणला, तो स्पायडरमॅनचा शत्रू लिझर्ड याचं डोकं आणि ‘स्टार ट्रेक’मधल्याच क्लिंगॉनचा पोशाख एकत्र करून. मालिकेतल्या गॉर्नशी त्याचं फारसं साम्य नाही, तरी आज तो संग्राहकांचा लाडका आहे.

यातून नवशिक्याला फसवणारी एक गोष्ट निघते. बाहुलीच्या कमरेवर किंवा पाठीवर कोरलेलं साल हे साच्याच्या हक्काचं साल असतं, बाहुली बनली त्या वर्षाचं नव्हे. मॅटेलच्या ज्युलिया बाहुलीवर १९६६ असं लिहिलेलं असतं, पण ‘ज्युलिया’ ही मालिका सुरूच झाली सप्टेंबर १९६८मध्ये आणि बाहुली आली १९६९ साली. मेगोच्या ८ इंची पुतळ्यांच्या पाठीवर रोमन अंकांत १९७१ कोरलेलं असतं, आणि त्याच अंगाचे ‘स्टार ट्रेक’चे पुतळे १९७४ साली दुकानात आले. त्यामुळे ‘१९६६ची दुर्मिळ बाहुली’ अशी जाहिरात दिसली, तर विकणाऱ्याला बहुधा माहिती नाही एवढाच त्याचा अर्थ. तो खोटंच बोलतोय असं मात्र लगेच धरून चालू नका.

ज्युलियाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एकाच बाहुलीने सुरुवात करायची असेल तर माझं मत तिच्या बाजूने आहे. डायान कॅरल या अभिनेत्रीने या मालिकेत ज्युलिया बेकर नावाच्या परिचारिकेची भूमिका केली. नवरा व्हिएतनामच्या युद्धात गेलेला, पदरी कोरी नावाचा लहान मुलगा, आणि स्वतःच्या पगारावर घर चालवणारी बाई. कृष्णवर्णीय स्त्री मालिकेची नायिका आहे आणि ती कुणाच्या घरची मोलकरीण नाही, ही त्या काळच्या अमेरिकी टीव्हीवर फार मोठी गोष्ट होती. त्या मालिकेची बाहुली दुकानाच्या फळीवर आली, तेव्हा अनेक मुलींना आपल्या रंगाची, नोकरी करणारी, नेटक्या गणवेशातली बाई पहिल्यांदा हातात धरता आली. आज ती बाहुली विकत घेताना हा इतिहासही आपण घरी आणत असतो.

ज्युलियाचे मुख्य प्रकार तीन. पहिल्या वर्षीचा पांढरा गणवेश दोन तुकड्यांचा आहे, वर अंगरखा आणि खाली स्कर्ट. पुढे तो एकसंध झगा झाला. तिसरा प्रकार बोलक्या ज्युलियाचा, सोनेरी-चंदेरी जंपसूटमधला. गणवेशवाल्या ज्युलियासोबत परिचारिकेची पांढरी टोपी आणि पांढरे बूट होते. टोपी सगळ्यात आधी हरवते, म्हणून टोपीसह मिळालेली ज्युलिया जास्त महाग, आणि ते योग्यही आहे. दोन तुकड्यांच्या गणवेशातला नुसता वरचा भाग नंतरच्या बाहुलीला चढवून ‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकलेला दिसतो, तेव्हा स्कर्ट वेगळा दाखवायला सांगा.

आणखी एक. ज्युलियाचे मूळ केस गडद तपकिरी होते, पण इतक्या वर्षांत त्यांचा रंग उतरून ते तांबूस होतात. काही विक्रेते ‘लाल केसांची दुर्मिळ ज्युलिया’ म्हणून तिची जास्त किंमत लावतात. तो वेगळा प्रकार नाही, काळाचा परिणाम आहे. तांबूस केसांची ज्युलिया जरूर घ्या, छान दिसते, पण त्या रंगासाठी जादा पैसे देऊ नका. बोलकी ज्युलिया घेताना आणखी जपा. दोरी ओढल्यावर बोलणाऱ्या मॅटेलच्या त्या काळच्या बाहुल्यांपैकी बहुतेक आज मुक्या आहेत आणि त्यांचे पाय खुब्यापाशी सुटतात, कारण तिथलं प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. दोरी ओढून बघायचा मोह आवरा. आत अडकलेलं यंत्र ओढण्याने सुटत नाही, दोरी मात्र तुटते.

‘चार्लीज एंजल्स’च्या बाहुल्या पाहताना हक्कांचा एक गुंता समजून घ्यावा लागतो. पात्राचा हक्क मालिकेच्या निर्मात्यांकडे असतो, आणि माणसाच्या चेहऱ्याचा हक्क त्या माणसाकडे. १९७७ साली हॅस्ब्रोने मालिकेचा परवाना घेऊन साडेआठ इंची बाहुल्या काढल्या. त्यांची नावं पात्रांची आहेत: लाल जंपसूटमधली सब्रिना, पांढऱ्यातली जिल, पिवळ्यातली केली. नंतर आलेली क्रिस हिरव्यात. जिलची भूमिका करणारी फॅरा फॉसेट एका हंगामानंतर मालिका सोडून गेली, पण तिची लोकप्रियता इतकी होती की मेगोने त्याच वर्षी खुद्द फॅराच्या नावाची मोठी, १२ इंची बाहुली काढली. क्रिस झालेल्या शेरिल लॅडची आणि सब्रिना झालेल्या केट जॅक्सनची बाहुली १९७८ साली मॅटेलने त्यांच्या स्वतःच्या नावाने आणली. म्हणजे एकाच बाईच्या दोन बाहुल्या, दोन कंपन्यांच्या, दोन मापांच्या. एकीचा जंपसूट दुसरीला होत नाही. तुम्हाला पात्र जमवायचं आहे की अभिनेत्री, हे आधी ठरवा, नाहीतर संग्रह पसरत जातो आणि कशाचाच पूर्ण होत नाही. हॅस्ब्रोच्या बाहुल्यांमध्ये रंगीत स्कार्फ आणि बूट आहेत का, तेवढं पाहिलं की बाकी फार पारखायचं राहत नाही.

आता मेगोच्या ‘स्टार ट्रेक’कडे येऊ. आपल्याकडच्या अनेक वाचकांची या मालिकेशी ओळख ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर झाली, त्यामुळे कर्क आणि स्पॉक ही नावं परकी वाटत नाहीत. मूळ मालिका १९६९लाच बंद पडली होती. पुनःप्रक्षेपणांनी तिला नवा प्रेक्षक दिला आणि मग १९७४ साली मेगोचे पुतळे आले: कर्क, स्पॉक, डॉक्टर मकॉय, स्कॉटी, उहुरा आणि एक क्लिंगॉन. पुढच्या दोन वर्षांत आणखी परग्रहवासी पात्रं आली. ती कमी विकली गेली आणि म्हणूनच आज महाग आहेत. रोम्युलन आणि अँडोरियन हे त्यातले विशेष अवघड.

या पुतळ्यांची किंमत त्यांच्या कमरेभोवती असते. कर्ककडे पट्टा, फेझर हे शस्त्र आणि कम्युनिकेटर हवा. स्पॉककडे त्याशिवाय खांद्याला अडकवायचं ट्रायकॉर्डर हे यंत्र. उहुराकडे फक्त ट्रायकॉर्डर. पट्टा आणि शस्त्र गेलेला कर्क म्हणजे पिवळ्या सदऱ्यातलं एक साधं ८ इंची अंग. अशा अपुऱ्या पुतळ्यांसाठी कित्येक वर्षांपासून नव्याने बनवलेले पट्टे, फेझर, बूट, सदरे, इतकंच काय पुठ्ठ्याची पाठकार्डंही मिळतात. स्वतःच्या आनंदासाठी ते लावायला काहीच हरकत नाही. मी तर म्हणेन, जरूर लावा, पुतळा उघडा ठेवण्यापेक्षा ते बरं. पण विकत घेताना नवा तुकडा जुना म्हणून गळ्यात पडू नये. त्यासाठी एकच भरवशाचा उपाय आहे: खात्रीचा मूळ तुकडा एकदा हातात घेऊन पाहा. प्लास्टिकचा रंग, वजन, कडांचा धारदारपणा हे फोटोत कळत नाही, हाताला कळतं. त्या काळच्या कपड्यांना बहुधा धातूची टिचबटणं असतात. पाठीत वेल्क्रो दिसला तर संशय घ्या. छापील कार्ड किंवा खोका भिंगाखाली पाहा. जुन्या छपाईत रंगांच्या ठिपक्यांची नियमित नक्षी दिसते, घरगुती छपाईयंत्राच्या छपाईत ठिपके विस्कटलेले असतात.

मेगोच्या अंगांतही फरक आहे. सुरुवातीच्या अंगात आतून रबरी इलॅस्टिक आणि सांध्यांना धातूचे रिव्हेट होते, नंतरच्या अंगात प्लास्टिकचे सांधे आले. जुन्या अंगाचं इलॅस्टिक आज सैल किंवा तुटलेलं असणारच, ते बदलता येतं आणि बदलल्याने किंमत पडत नाही, फक्त विकताना सांगायचं. मेगो ८०च्या दशकाच्या सुरुवातीला दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. त्याआधी १९७६च्या सुमारास चालून आलेला ‘स्टार वॉर्स’चा परवाना तिने नाकारला होता आणि तो केनर या कंपनीकडे गेला. २०१८ साली मेगो हे नाव पुन्हा बाजारात आलं, त्याच मापाचे नवे पुतळे घेऊन. पुतळे चांगले आहेत, पण ते जुने नाहीत. पाठीवरचा शिक्का वाचल्याशिवाय ‘मेगो’ या एका नावावर पैसे देऊ नका.

केनरचा ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ मात्र धड उसनं घेण्याच्या नियमाला अपवाद. १९७५चा हा १३ इंची स्टीव्ह ऑस्टिन खास त्याच्याच पात्रासाठी घडवलेला होता. डोक्याच्या मागच्या छिद्रातून पाहिलं की त्याच्या डोळ्यातून दिसतं, आणि उजव्या हातावरची रबरी त्वचा वर गुंडाळली की आतले यांत्रिक भाग निघतात. हीच त्वचा त्याचं दुखणं आहे. ती कडक होते, फाटते, चिकट होते. विक्रेत्याला दंडाचा जवळून काढलेला फोटो मागा, आणि त्वचा धड असेल तर ती गुंडाळून दाखवायचा आग्रह धरू नका. पहिल्या आवृत्तीत त्याने उचलायचा इंजिनाचा ठोकळा होता, तो असेल तर उत्तम. पुढच्या वर्षीची जेमी सॉमर्स, म्हणजे ‘बायोनिक वूमन’ या मालिकेची नायिका, तिच्या पर्ससह शोधा. तिची मान वळवली की कानापाशी टिकटिक आवाज येतो.

थोडं मागे गेलं की वस्तू झपाट्याने दुर्मिळ होतात. ‘बिविच्ड’मधल्या समांथाची बाहुली आयडियलने १९६५ साली काढली. टोपी आणि झाडूसह ती मिळणं आज फार कठीण, नव्या संग्राहकाने तिच्या मागे लागू नये. १९६४चे रेम्कोचे ‘ॲडम्स फॅमिली’ आणि ‘मन्स्टर्स’ त्याच गटातले. उलट मॅटेलची मिसेस बीझली, म्हणजे बफी मालिकेत जिला कवटाळून असायची ती मोठ्या अंगाची बोलकी बाहुली, १९६७ साली आली आणि भरपूर विकली गेली. ती अजून परवडते. चष्म्यासह मिळाली तर घ्या, चष्मा नसेल तर थोडं थांबा.

आपल्याकडे ‘समांथा’ आणि ‘आय ड्रीम ऑफ जिनी’मधली ‘जिनी’ नव्वदीत सोनीवर हिंदीतून बोलायच्या, आणि लुसी त्याच्याही आधी दूरदर्शनवर होती. या आठवणीने जमवायला निघालेल्यांसाठी दुसरा मार्ग आहे. मॅटेलने १९९७पासून ‘आय लव्ह लुसी’च्या, आणि २००१ साली समांथा व जिनीच्या बार्बी संग्राहकांसाठी म्हणून काढल्या. त्या सुंदर आहेत, कपड्यांचं काम बारीक आहे आणि त्या स्वस्त मिळतात. स्वस्त का, याचं कारण लक्षात ठेवा. त्या विकत घेणाऱ्या प्रत्येकाने जपूनच ठेवल्या, खोकासुद्धा उघडला नाही. १९७०च्या दशकातल्या बाहुल्या मुलींनी आंघोळीला नेल्या, केस कापले, बागेत पुरल्या. त्यातून वाचलेलीच दुर्मिळ ठरते. म्हणून संग्राहकांसाठी काढलेली बाहुली आवडीने घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

खरेदी बहुधा ईबेवर होते. तिथे विक्रेत्याने लावलेली किंमत पाहू नका, खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती पाहण्याची सोय आहे ती वापरा. एखादा महिना नुसतं बघत राहा. ‘एनआरएफबी’ म्हणजे खोक्यातून कधीच न काढलेली, ‘टीएलसी’ म्हणजे बाहुलीची अवस्था बिकट आहे हे सभ्यपणे सांगणं. फोटो मागताना कपडे काढलेल्या बाहुलीचा पुढून आणि मागून, मानेमागचा, कमरेवरच्या शिक्क्याचा, आणि केसांच्या मुळांचा असे वेगवेगळे मागा. केस कापलेत का, हे मुळांपाशी आणि टोकांपाशी कळतं. कुबट किंवा सिगारेटचा वास आहे का, तेही विचारा. फोटोत तो येत नाही आणि व्हिनाइलमधून लवकर जात नाही. अमेरिकेत राहत असाल तर पासाडेनाचा रोझ बोलचा महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा बाजार किंवा मॅसॅच्युसेट्समधला ब्रिमफील्डचा वर्षातून तीनदा भरणारा बाजार पाहावा. वस्तू हातात घेऊन शिकायला याहून चांगली जागा नाही.

भारतात पार्सल मागवणार असाल, तर आधी हिशेब करा. २०२० साली खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची अट लागली. पन्नास वर्षांपूर्वीच्या बाहुलीकडे असं प्रमाणपत्र कुठून असणार? नियम बदलत असतात, म्हणून मागवतानाचे नियम तपासून घ्या. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नातेवाईक असतील तर वस्तू त्यांच्याकडे मागवून, सामानाचे नियम पाळून, येणाऱ्या माणसाबरोबर हातातल्या बॅगेतून आणणं बरं. खोका असलेली बाहुली चेक-इनच्या बॅगेत घालू नका.

आणि मग आपला पावसाळा. या बाहुल्यांचं मऊ व्हिनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात एक तेलकट रसायन मिसळलेलं असतं, आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं. उष्णतेने जास्तच. त्यामुळे पाय चिकट होतात, धूळ धरतात, आणि तेच रसायन दुसऱ्या कडक प्लास्टिकला लागलं तर ते प्लास्टिक विरघळल्यासारखं होतं. म्हणून व्हिनाइलची बाहुली कडक प्लास्टिकच्या स्टँडवर किंवा खोक्याच्या खिडकीला टेकवून वर्षभर ठेवू नये. मध्ये आम्लविरहित कागद घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर कधीच ठेवू नका. बाहेर पडलेलं रसायन आणि ओल दोन्ही आत कोंडतात. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. मुंबई-कोकणात ते एसीशिवाय जमत नाही, पण बंद काचेच्या कपाटात सिलिका जेलची पाकिटं ठेवून ती वरचेवर वाळवत राहिलं तरी बराच फरक पडतो. लाकडी कपाटाला बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टाळा.

गंजलेल्या टिचबटणांचा डाग कापडात उतरतो आणि लाल-निळ्या कापडाचा रंग पायांत उतरतो, म्हणून कपडे घातलेल्या बाहुलीला वर्षातून दोनदा कपडे काढून पाहावं. धुवायचं झालं तर कोमट पाणी, अगदी सौम्य साबण आणि मऊ ब्रश. डोक्यात पाणी शिरू देऊ नका, मानेपाशी ते अडकून बुरशी धरते. नेलपॉलिश काढायचा द्रव बाहुलीच्या जवळही आणू नका, रंगवलेले ओठ आणि भुवया क्षणात जातात. डाग घालवण्यासाठी काही संग्राहक मुरमांचं मलम लावून उन्हात ठेवतात. पायावर ते कधी चालतं, पण व्हिनाइल फिकं पडतं. चेहऱ्यावर ते मुळीच करू नका.

खोका उघडावा की नाही, यावर संग्राहकांचे दोन तट आहेत. माझं मत असं: खोका मूळ टाक्यांनी किंवा मूळ टेपने बंद असेल तर बंदच ठेवा, तशी वस्तू पुन्हा तयार होत नाही. खोका एकदा उघडलेला असेल तर बाहुली बाहेर काढून आम्लविरहित कागदात ठेवा आणि खोका वेगळा सपाट न करता, कागद भरून ठेवा.

प्रत्येक बाहुलीमागे एक कार्ड लिहा. कुठून घेतली, किती किमतीला, कोणता तुकडा मूळ आणि कोणता नवा, इलॅस्टिक केव्हा बदललं, केस कुणी विंचरले, काय धुतलं. टोपी, बूट, फेझर अशा बारीक वस्तू बाहुलीपासून वेगळ्या कागदी पाकिटात, त्यावर बाहुलीचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवा, शाईने नाही. पाकिटाचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच असू द्या. म्हणजे उद्या संग्रह दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, तरी ज्युलियाची टोपी ज्युलियाकडेच राहील.